आरोग्यचिंतन : वडीलधाऱ्यांचें हृदय आणि नेमाचा व्यायाम

लोहाऱ्याहून आमच्या एका वाचकभगिनीचें पत्र आलें आहे. पत्र लांबलचक आहे. परंतु त्यांतील तळमळ इतकी खरी आहे कीं, या महिन्याचें आमचें सर्व लेखन त्या पत्राच्या उत्तरादाखलच करावें असें आम्हांस वाटलें. भगिनी लिहितात :

"आमचे मामंजी एकाहत्तर वर्षांचे आहेत. जन्मभर त्यांनीं शाळेंत शिक्षकाचें काम केलें. गेल्या माघांत एके दिवशीं पहाटे त्यांच्या छातींत कळ आली. तांतडीनें सोलापुरास नेलें. तेथें हृदयाच्या धमनींत जाळी बसविली आणि आठवड्याभरांत घरीं आणलें. आज चार महिने झाले. निघतांना 'रोज चालत जा' एवढेंच आम्हांस सांगण्यांत आलें. किती चालावें, कसें, केव्हां, याचा कांहींच उलगडा झाला नाहीं. आतां घरांत दोन पक्ष पडले आहेत. सासूबाई त्यांना ओसरीवरून उठूं देत नाहींत. पाण्याचा तांब्यासुद्धां हातांत आणून देतात. मामंजी म्हणतात, 'दर कोजागरीला तुळजापुरास पायीं जाण्याचा माझा नेम आहे. तो मोडून नुसतें बसून राहायचें, तर जगायचें तरी कशाला?' मधल्यामध्यें माझी ओढाताण होते. त्यांनीं चालावें असें म्हटलें तर सासूबाईंचा रोष होतो, आणि चालूं नये असें म्हटलें तर मामंजी दोन दोन दिवस बोलत नाहींत. आपण कांहीं मार्ग सुचवाल काय?"

या पत्राचें उत्तर थोडक्यांत द्यावयाचें तर असें देतां येईल : सासूबाईंची भीति खोटी नाहीं आणि मामंजींची ओढहि खोटी नाहीं, परंतु दोघांच्याहि मार्गांत धोका आहे. ओसरीवर बसून राहिल्यानें हृदय सुधारत नाहीं, आणि चार महिने बसून एकदम तुळजापुरास निघाल्यानें तें टिकत नाहीं. या दोहोंच्या मधून जाणारी एक वाट आहे. ती हळूहळू चढत जाणाऱ्या नेमाच्या व्यायामाची होय. तिचें वर्णन आज यथाशक्ति करतों. अशीं घरें केवळ लोहाऱ्यांतच आहेत असें नाहीं. तेव्हां इतर वाचकांसहि हें उपयोगीं पडेल.

प्रथम सासूबाईंविषयीं. त्यांच्या मतामागें एके काळचें वैद्यकशास्त्रच उभें आहे, हें सुनबाईंनीं ध्यानांत ठेवावें. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत हृदयाचा झटका आलेल्या रोग्यास चार-सहा आठवडे अंथरुणावर निजवून ठेवीत. त्यानें कूस बदलूं नये, जेवणहि दुसऱ्यानें भरवावें, असा दंडक असे. पुढें १९५२ सालीं बोस्टन येथील डॉ. सॅम्युएल लेव्हाइन व डॉ. बर्नार्ड लाउन या दोघांनीं अशा रोग्यांस पहिल्या कांहीं दिवसांतच आरामखुर्चींत बसविण्याचा आपला अनुभव प्रसिद्ध केला, आणि आभाळ कोसळलें नाहीं. उलट रोग्यांची प्रकृति व मन दोन्ही सुधारलीं. तीनच वर्षांनीं, १९५५ च्या सप्टेंबरांत, अमेरिकेचे अध्यक्ष आयसेनहॉवर यांस झटका आला. त्यांच्यावर उपचार करणारे डॉ. पॉल डडली व्हाइट हे चालण्याचे व सायकलीचे मोठे पुरस्कर्ते होते. त्यांनीं अध्यक्षांस क्रमाक्रमानें हिंडूंफिरूं दिलें. आयसेनहॉवर पुढल्या वर्षीं पुन्हां निवडून आले आणि त्या झटक्यानंतर तेरा वर्षांहून अधिक जगले. तेव्हांपासून 'पडून राहणें हेंच औषध' हा समज वैद्यांमधून उठला. घराघरांतून मात्र तो अद्याप उठलेला नाहीं.

पडून राहण्यानें काय होतें, याचा एक विलक्षण दाखला आहे. १९६६ सालीं अमेरिकेंतील डॅलस या शहरीं वीस वर्षांच्या सुमाराच्या पांच निरोगी तरुणांस तीन आठवडे अंथरुणावर ठेवण्यांत आलें आणि त्यांच्या शरीराची श्रम करण्याची शक्ति मोजण्यांत आली. तीस वर्षांनीं, म्हणजे तेच तरुण पन्नाशीला पोंचल्यावर, त्यांची पुन्हां तपासणी झाली. तेव्हां असें दिसून आलें कीं, तीस वर्षांच्या वयानें त्यांची जितकी शक्ति हरण केली होती, त्याहून अधिक शक्ति पूर्वीं त्या तीन आठवड्यांच्या निजून राहण्यानें हरण केली होती! त्याहून आनंदाची गोष्ट पुढेंच आहे. सहा महिने हळूहळू वाढविलेल्या व्यायामानें वयामुळें गेलेली ती शक्ति त्यांना परत मिळाली. तीन आठवड्यांची ही कथा, तर मग चार महिने ओसरीवर बसलेल्या मामंजींच्या पायांत बळ राहिलें नसेल, तर त्याचा सगळा दोष हृदयावर टाकणें न्यायाचें होणार नाहीं.

आतां वृद्धापकाळीं हृदयांत काय फरक पडतो तें पाहूं. वय वाढतें तसतसा हृदयाचा सर्वाधिक वेग कमी होत जातो. २०८ या आंकड्यांतून वयाचा सात-दशांश वजा केला असतां त्या वेगाचा साधारण अंदाज निघतो. एकाहत्तराव्या वर्षीं तो मिनिटास १५८ च्या आसपास येतो. हृदयाचा डावा कप्पा, जो सर्व शरीराला रक्त पुरवितो, तो कांहींसा ताठर होतो व सैल पडून रक्त भरून घेण्यास त्याला अधिक प्रयास पडतात. मोठ्या धमन्यांच्या भिंती कडक होतात, म्हणून रक्तदाबाचा वरचा आंकडा चढतो. आणि जी गोष्ट सहसा कोणाच्या लक्षांत येत नाहीं ती ही कीं, हातापायांचे स्नायु झिजतात. स्नायु दुबळे झाले म्हणजे तेंच काम करावयास हृदयाला अधिक धांवावें लागतें.

नेमाच्या व्यायामानें या उतरणीला अडसर बसतो. सरावलेले स्नायु आलेल्या रक्तांतून अधिक प्राणवायु घेऊं लागतात. धमन्यांचें आंतील अस्तर सतेज राहून त्या प्रसंगीं सैल पडूं शकतात. रक्तदाब व रक्तांतील साखर यांना लगाम बसतो. परिणामीं जो जिना पूर्वीं धाप लावीत असे तोच जिना हृदय कमी ठोक्यांत चढवून नेतें. झटका येऊन गेलेल्या रोग्यांवर व्यायामाचा काय परिणाम होतो, याचे ८५ प्रयोग व त्यांतील २३ हजारांहून अधिक रोगी एकत्र करून २०२१ सालीं एक मोठा आढावा प्रसिद्ध झाला. त्यांत व्यायामाच्या शिस्तींत राहिलेल्या रोग्यांमध्यें हृदयविकारानें होणारे मृत्यु सुमारे एक-चतुर्थांशानें कमी आढळले. एवढें काम करणारी गोळी निघाली असती, तर ती देण्यास सासूबाई एक दिवसहि विसरल्या नसत्या.

येथें घरांतल्या कर्त्या पुरुषांसहि दोन शब्द सांगितले पाहिजेत. डॅलस येथेंच डॉ. बेंजामिन लेव्हाइन यांनीं २०१८ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत ४५ ते ६४ वर्षांच्या बैठ्या माणसांनीं दोन वर्षें, आठवड्यांतून चार-पांच दिवस व्यायाम केला. तेव्हां त्यांच्या हृदयाचा ताठरपणाच कमी झाला. पासष्टीनंतर आरंभ करणाऱ्यांच्या एका पूर्वीच्या प्रयोगांत वर्षभराच्या व्यायामानें शक्ति वाढली, परंतु ताठरपणा फारसा हटला नव्हता. म्हणजे उशीरा आरंभ केला तरी लाभ आहेच. वेळीं आरंभ केला तर तो दुप्पट आहे. मामंजींच्या आजारपणाचा हा धडा त्यांच्या चिरंजीवांनीं अधिक गिरवावा, असें आम्हांस वाटतें.

आतां व्यायामाच्या रीति. त्या मुख्यत्वें चार आहेत, आणि कोणतीहि एक पुरेशी नाहीं.

पहिली रीति म्हणजे साधें, एकसारख्या गतीचें चालणें. ही सर्वांत सुरक्षित व सर्वांस साधणारी. चाल कितपत वेगाची असावी याची कसोटी सोपी आहे : चालतां चालतां शेजाऱ्याशीं बोलतां यावें, पण अभंग म्हणूं गेल्यास मध्येंच श्वास तुटावा. बोलणेंहि अवघड झालें तर गति कमी करावी. अभंग सुखानें म्हणतां आला तर थोडी वाढवावी. मनगटावरची नाडी मोजून वेग ठरविण्याचा प्रघात आहे. परंतु झटक्यानंतर अनेक रोग्यांस नाडी मंद ठेवणारीं औषधें देतात, त्यामुळें केवळ ठोक्यांच्या आंकड्यावर विसंबणें फसवें ठरतें. बोलण्याची कसोटी अधिक भरंवशाची. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२० सालीं प्रौढांसाठीं व वृद्धांसाठीं आठवड्यांतून १५० ते ३०० मिनिटें असा मध्यम श्रमाचा व्यायाम सांगितला आहे. म्हणजे रोज अर्धा तास, तोहि आठवड्यांतून पांच दिवस केला, तरी खालची मर्यादा गांठली जाते.

दुसरी रीति आळीपाळीच्या चालण्याची. जपानांतील मात्सुमोतो या गांवीं, शिन्शू विद्यापीठाचे डॉ. हिरोशी नोसे व त्यांचे सहकारी यांनीं तिचा अभ्यास केला व २००७ सालीं तो प्रसिद्ध झाला. त्रेसष्ट वर्षांच्या सरासरी वयाच्या स्त्रीपुरुषांनीं तीन मिनिटें सावकाश व तीन मिनिटें झपाझप, असे पांच किंवा अधिक फेर आठवड्यांतून चार दिवस करावयाचे. पांच महिन्यांनीं, एकाच गतीनें चालणाऱ्यांपेक्षां या मंडळींच्या मांड्यांचें बळ व श्रम करण्याची शक्ति अधिक वाढलेली दिसली, आणि रक्तदाबहि अधिक उतरला. यांत यंत्र नाहीं, खर्च नाहीं. एक घड्याळ व पायांत बसणारे बूट असले म्हणजे झालें. गांवाकडच्या माणसांसाठीं याहून सुटसुटीत पद्धति आम्हांस ठाऊक नाहीं.

याच जातीची पण अधिक कडक पद्धति नॉर्वेंतील ट्रॉन्डहाइम येथील आहे : चार मिनिटें जोराचा श्रम, तीन मिनिटें हलका, असे चार फेर. तेथें सत्तर ते सत्त्याहत्तर वर्षांच्या १५६७ लोकांचा पांच वर्षांचा प्रयोग झाला व २०२० सालीं त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. कांहींजणांस जोराचा व्यायाम, कांहींजणांस मध्यम व्यायाम नेमून दिला, आणि बाकीच्यांस केवळ सरकारी उपदेश पाळावयास सांगितलें. मृत्यूच्या संख्येंत या गटांमध्यें निर्णायक असा फरक दिसला नाहीं. याचा अर्थ व्यायाम निरुपयोगी असा नव्हे. जे केवळ उपदेशावर राहिले तेहि घरीं बसले नव्हते. तेहि पुष्कळ हालचाल करीतच होते. यावरून आम्ही एवढेंच घेतों कीं, जोराचा व्यायाम वृद्धांस अशक्य नाहीं, परंतु तो अमृताचा प्याला आहे असेंहि समजूं नये. झटका येऊन गेलेल्या माणसानें तर तो हृदयतज्ज्ञांच्या नजरेखालींच करावा.

तिसरी रीति बळाची. पुष्कळ वडीलधारी मंडळी चालतात खरी, पण पाटावरून उठतांना भिंतीचा आधार शोधतात. यासाठीं आठवड्यांतून दोनदां, मध्यें एक दिवस सोडून, स्नायूंना भार द्यावा. हात छातीशीं घेऊन खुर्चीवरून उठणें व पुन्हां बसणें, आठ ते दहा वेळां. भिंतीला तळहात लावून दंडासारखें झुकणें. टाचा उचलून चवड्यांवर उभें राहणें. पाण्यानें भरलेली एक लिटरची बाटली हातांत घेऊन वर उचलणें. एवढ्या चार गोष्टी पुरे. एक पथ्य मात्र अवश्य पाळावें : श्वास कोंडूं नये. श्वास कोंडून जोर केला म्हणजे रक्तदाब एकदम उसळतो. मोठ्यानें आंकडे मोजीत व्यायाम केला कीं श्वास आपोआप चालूं राहतो. भिंतीला पाठ टेकून अर्धवट बसल्या स्थितींत थांबण्याचा व्यायाम रक्तदाब उतरविण्यास फार उपयोगी असल्याचें अलीकडच्या अभ्यासांत दिसलें आहे. पण तोहि हृदयरोग्यानें विचारल्यावांचून आरंभूं नये.

चौथी रीति तोल सांभाळण्याची. दाराच्या चौकटीला हात लावून एका पायावर दहा मोजेपर्यंत उभें राहणें, किंवा टाचेला चवडा लावून सरळ रेषेंत चालणें. हृदय उत्तम राहिलें, पण मोरीजवळ पाय घसरून मांडीचें हाड मोडलें, तर पुन्हां अंथरूण आलेंच. आणि अंथरुणाचा गुण वर सांगितलाच आहे.

आमच्या कित्येक वाचकांच्या मनांत आतां प्रश्न आला असेल कीं, हे सगळे परदेशचे दाखले झाले, आपल्याकडे कांहींच नाहीं काय? तसें मुळींच नाहीं. औंधचे अधिपति भवानराव पंतप्रतिनिधि (१८६८–१९५१) यांनीं सूर्यनमस्कारांचा केवढा प्रसार केला, संस्थानच्या शाळांतून ते कसे चालू केले, हें महाराष्ट्रांत सर्वश्रुत आहे. नमस्कारांत चालणें, बळ व लवचिकपणा या तिन्हींचा संगम होतो, हें त्यांचें वैशिष्ट्य. तरीपण ज्यानें जन्मभर नमस्कार घातले नाहींत, त्यानें झटक्यानंतर एकदम बारा नमस्कारांचा संकल्प सोडूं नये. कारण त्यांत डोकें खालीं जातें, पुन्हां झटकन् वर येतें, आणि हातांवर शरीराचा भार पडतो. अशानें भोंवळ येण्याचा संभव असतो. मेजाच्या किंवा खुर्चीच्या आधारानें, सावकाश, दोन-तीनांपासून आरंभ करून पुढें जावें.

योगाविषयीं बोलावयाचें तर लोणावळ्यास १९२४ सालीं स्वामी कुवलयानंदांनीं कैवल्यधाम स्थापिलें, तें आसन-प्राणायामांचा परिणाम यंत्रांनीं मोजून पाहण्याच्या हेतूनेंच. त्याच दिशेनें भारतांतील २४ रुग्णालयांत, झटका येऊन गेलेल्या ३९५९ रोग्यांवर एक मोठा प्रयोग झाला व २०२० सालीं प्रसिद्ध झाला. बारा आठवड्यांच्या योगाभ्यासानें रोग्यांस आपली प्रकृति अधिक चांगली वाटूं लागली व ते पूर्वींच्या उद्योगांत अधिक लवकर रुळले. पुन्हां झटका येणें किंवा मृत्यु, यांत मात्र दोन गटांतील फरक सिद्ध झाला नाहीं. तेव्हां योग घ्यावा तो चालण्याच्या जोडीला. चालण्याच्या ऐवजीं नव्हे. आणि प्राणायामांत कुंभकाचा हव्यास हृदयरोग्यानें धरूं नये.

आतां मामंजींचा प्रत्यक्ष कार्यक्रम. ज्येष्ठापासून कोजागरीपर्यंत साधारण सोळा आठवडे हातीं आहेत. आरंभापूर्वीं एकदां डॉक्टरांकडे जाऊन तीन प्रश्न लिहून विचारावेत : हृदयाची रक्त फेंकण्याची शक्ति कितपत आहे; चालत्या पट्ट्यावरची परीक्षा, जिला टी. एम. टी. म्हणतात, ती करावी काय. आणि कोणत्या मर्यादेच्या पुढें जाऊं नये. निघतांना घाईंत हे प्रश्न राहून जातात. ते मागाहून विचारण्यांत कमीपणा नाहीं. रक्त गोठूं न देणाऱ्या गोळ्या कितीहि बरें वाटलें तरी आपल्या मतानें बंद करूं नयेत. जाळी बसविलेल्यांस त्या अचानक बंद करणें अत्यंत घातक आहे.

पहिले दोन आठवडे सकाळीं दहा व संध्याकाळीं दहा मिनिटें, सपाट जागीं, सावकाश. तिसऱ्या आठवड्यापासून सहाव्यापर्यंत दर आठवड्यास रोजच्या एकूण वेळांत पांच मिनिटांची भर घालावी. म्हणजे दीड महिन्यांत रोजचीं चाळीस मिनिटें होतात. याच सुमारास खुर्चीवरून उठण्याचा व तोलाचा व्यायाम जोडीला घ्यावा. सातव्या आठवड्यापासून, डॉक्टरांचा होकार असेल तरच, आळीपाळीचें चालणें : तीन मिनिटें सावकाश व एक मिनिट झपाझप, मग दोन मिनिटें, मग तीन. प्रत्येक वेळीं पहिलीं व शेवटचीं पांच मिनिटें रेंगाळत चालावें. चालून येतांच एकदम बसल्यास रक्त पायांत सांचून घेरी येते. ज्या दिवशीं ताप, सर्दी किंवा जागरण असेल त्या दिवशीं सुट्टी. जेवणानंतर तासदीड तास जाऊं द्यावा.

लोहाऱ्याच्या बाजूस पावसाळ्यांत काळ्या मातीचा चिखल किती चिकट होतो व पाऊल कसें धरून ठेवतो, हें आम्हीं सांगावयास नको. अशा दिवशीं वीस पावलांची ओसरी किंवा देवळाचा सभामंडप पुरेसा आहे. जपमाळ हातांत घेऊन दर फेरीस एक मणी ओढावा. मोजणी होते आणि मनहि रमतें. उन्हाळ्यांत मात्र सूर्य वर येण्यापूर्वींच परत यावें, कारण तापलेल्या हवेंत अंग थंड राखण्याचा भारहि हृदयावरच पडतो. मामंजी शिक्षक होते, हें तर आमच्या दृष्टीनें मोठेंच भाग्य! त्यांनीं एक हजेरीपट आंखावा. तारीख, मिनिटें, चालतांना बोलतां आलें कीं नाहीं, आणि थकवा किती, एवढे चार रकाने पुरेत. महिन्यांतून एकदां सहा मिनिटांत ओसरीच्या किती फेऱ्या झाल्या तें मोजून मांडावें. आंकडा वाढतांना पाहून जो उत्साह येतो तो दुसऱ्याच्या उपदेशानें येत नाहीं.

आणि कांहीं खुणा घरांतील लहानथोर सर्वांनीं पाठ कराव्या. चालतांना छातींत दाब, आवळल्यासारखें होणें किंवा जळजळ, ती कळ डाव्या हातांत, जबड्यांत किंवा पाठींत जाणें, नेहमींहून वेगळी धाप, थंड घाम, डोळ्यांपुढें अंधारी, छातींत अनियमित धडधड. यांपैकीं कांहींहि झालें तर तत्काळ थांबावें व बसावें. जिभेखालीं ठेवण्याची गोळी डॉक्टरांनीं दिली असेल तर ती बसूनच घ्यावी. कळ पांच मिनिटांत ओसरली नाहीं तर '१०८' क्रमांकास दूरध्वनि करावा. 'वात असेल, उतरेल' म्हणून पहाटेची वाट पाहूं नये. पावलांवर सूज येऊं लागली किंवा दोन-तीन दिवसांत वजन एकदम वाढलें, तर व्यायाम थांबवून डॉक्टरांस दाखवावें.

राहतां राहिला तुळजापूरचा प्रश्न. येथें आम्ही मामंजींना थोडी विनंति करणार आहों. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट त्यांनीं पाहिली आहे. अनंत चतुर्दशीचें विसर्जन आटोपून निजलेल्या त्या मुलुखावर ३ वाजून ५६ मिनिटांनीं जें कोसळलें, तें लोहारा-उमरग्याचा कोणी वडीलधारा विसरणें शक्य नाहीं. सास्तूरसारखीं गांवें पुन्हां उभीं राहिलीं, तीं एका रात्रींत नव्हे. आधीं पाया, मग भिंती, मग छप्पर. घाईनें बांधलेलें घर पुढल्या हादऱ्याला टिकत नाहीं, हें त्या बाजूच्या माणसांइतकें दुसऱ्या कोणाला कळणार? हृदयाचीहि तीच गोष्ट. कोजागरीच्या आधीं नवरात्राचे उपास येतात. त्यांत पाणी कमी पडतें, औषधांच्या वेळा चुकतात, आणि मग रात्रभराची चाल व गर्दी. एवढा भार या वर्षीं नको. औषधें व खाणें यांचा मेळ डॉक्टरांस विचारून घालावा. देवीला त्यांत उणें वाटणार नाहीं.

परंतु नेम अगदींच मोडावा असेंहि आमचें म्हणणें नाहीं. भाद्रपदाअखेर मामंजी सलग पाऊण तास कोणत्याहि त्रासावांचून चालूं लागले, हजेरीपट तसें सांगत असला आणि डॉक्टरांनीं मान हलविली, तर गाडीनें तुळजापुराजवळ जावें आणि शेवटचा थोडासा टप्पा मुलाच्या सोबतीनें, दिवसाउजेडीं, बसत-उठत पायीं करावा. पुढल्या वर्षीं तो टप्पा वाढवितां येईल. अति तेथें माती, ही म्हण व्यायामालाहि लागू आहे.

शेवटीं सासूबाईंविषयीं, ज्यांची पत्रांत कोणीच काळजी केलेली नाहीं. "त्या दिवसभर कामांतच असतात, त्यांना निराळा व्यायाम कशाला?" असें आपण सारेच म्हणतों. आड सुटला, जातें सुटलें, पाटा-वरवंटाहि बहुतेक सुटला; उरली ती उभ्या उभ्या किंवा बसल्या बसल्या करावयाची कामें. त्यांत शीण पुष्कळ आहे, पण हृदयाला हवा असलेला सलग श्रम थोडा. त्यांतून पाळी गेल्यानंतर स्त्रियांनाहि हृदयविकाराचा धोका वाढत जातो, आणि त्यांच्या बाबतींत छातींतील कळेऐवजीं नुसता थकवा, मळमळ, धाप किंवा पाठदुखी एवढ्याच खुणा पुष्कळदां दिसतात. त्या पित्तावर घालविल्या जातात आणि वेळ निघून जाते. चार महिने रात्ररात्र जागून ज्या बाईनें नवऱ्याचा श्वास मोजला, तिचा रक्तदाब या चार महिन्यांत कोणीं मोजला आहे काय?

तेव्हां, भगिनी, तुम्हीं घरांत कोणाचाच पक्ष घेऊं नये. सासूबाईंना एवढेंच सांगा कीं, मामंजींना एकट्यानें चालूं देणें बरें नव्हे. पहिले कांहीं आठवडे सोबत हवीच, आणि ती सोबत तुमच्याइतकी दक्ष दुसऱ्या कोणाची होणार नाहीं. मग ओसरीवरचा तो पाण्याचा तांब्या जागच्या जागीं राहील; तो आणावयास मामंजी स्वतः उठतील, आणि सकाळीं उजाडतां उजाडतां दोघेंहि अंगणाबाहेर पडतील. कोजागरीनंतर तुमचें दुसरें पत्र यावें आणि सोबत हजेरीपटाची नक्कल असावी, अशी आमची इच्छा आहे.